३४.८ कशाला धरायचं?

आर्क्टिक महासागरातल्या गोड्या पाण्याच्या जमाखर्चावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. बेरिंगच्या सामुद्रधुनीतून येतं ते समुद्राचं खारं पाणी, मग ते गोड्या पाण्याच्या जमेत कसं? आणि संदर्भ क्षारता (तुलनेसाठी धरलेला खारेपणा; किलोभर पाण्यात साधारण किती ग्रॅम मीठ ते) ३४.८ ऐवजी ३५ धरली की आकडे बदलतात, तेव्हा या हिशेबाला अर्थ काय?

बेरिंगमधून सेकंदाला साधारण ८ लाख घनमीटर पाणी उत्तरेकडे जातं, म्हणजे वर्षाला सुमारे २५,००० घनकिलोमीटर. त्याची क्षारता ३२.५ च्या आसपास. ३४.८ क्षारतेच्या पाण्यात गोडं पाणी मिसळून ३२.५ चं मिश्रण करायचं, तर त्यात ते साडेसहा टक्क्यांहून किंचित जास्त लागेल. हे झाले सुमारे १,६७० घनकिलोमीटर. गोड्या पाण्याची वेगळी धार तिथे नाहीच. आपण मोजतो तो खारेपणातला उणेपणा. अलास्काच्या किनाऱ्यालगतचा कमी खारा प्रवाह आणि वरचा थर नीट मोजल्यावर हा अंदाज २,५०० वर गेला. लेखात मी तोच घेतला होता.

दुसऱ्या आक्षेपात तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. वरच्याच उदाहरणात ३५ धरलं तर १,८००, ३४ धरलं तर १,१०० च्या आसपास. पाणी तेच! ३४.८ ही आर्क्टिकची अंदाजे सरासरी क्षारता. आगार्ड आणि कार्मॅक या समुद्रशास्त्रज्ञांनी १९८९ च्या ताळेबंदात ती वापरली आणि पुढे तोच प्रघात पडला. ‘बेरिंगचा वाटा ३० टक्के’ असं मी कुठलीही अट न घालता लिहिलं, ती माझी चूक.

मात्र म्हणून सगळा हिशेबच निरर्थक ठरत नाही. पाणी आत-बाहेर जाण्याचं एकच दार न पाहता महासागराची सगळी हद्द एकत्र घ्या: बेरिंग, फ्राम (ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधली सामुद्रधुनी), कॅनडाचा द्वीपसमूह, बॅरेंट्स समुद्राचं तोंड. दीर्घकाळात जेवढं मीठ आत येतं तेवढंच बाहेर जात असेल, तर बेरजेत मिठाचं पद शून्य होतं आणि त्याच्यासोबत संदर्भ क्षारताही गळून पडते. उरतं ते आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या पाण्यातलं अंतर. ते नद्यांचं पाणी आणि बाष्पीभवन वजा जाता उरलेला पाऊस-बर्फ यांच्या बेरजेइतकं असायला हवं: ओब, येनिसेई, लेना, मॅकेंझी वगैरे नद्यांचे मिळून वर्षाला ३,२०० आणि आकाशातून २,०००. हे ५,२०० घनकिलोमीटर तुमच्या-माझ्या निवडीवर अवलंबून नाहीत.

अडचण साठा बदलतो तेव्हा येते. ब्यूफोर्टच्या भोवऱ्यात (अलास्का-कॅनडाच्या उत्तरेला गोल फिरणाऱ्या मोठ्या प्रवाहात) गोडं पाणी साचत गेलं की आवक-जावक जुळत नाही, आणि तो फरक वेगळा मांडावा लागतो. लेखातल्या ८,५०० जमा आणि सुमारे ९,२०० खर्च यांच्यातली तफावत मात्र साठ्यावर ढकलता येणार नाही. मोजमापातली अनिश्चितताच तेवढी आहे. विशेषतः फ्राममधून वाहून जाणाऱ्या बर्फाची जाडी आणि वेग दोन्ही एकाच वेळी मोजावे लागतात.

लेखातला तक्ता आज बदलतो आहे. प्रत्येक दारापुढे संदर्भ क्षारता लिहीन आणि टक्केवारी काढून टाकीन.