इंडक्शनवर डिस्क नको, असं मी का म्हणते

ताई, नमस्कार. 'नवीन इंडक्शन घेतल्यावर आणखी काय घ्यावं' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की थोडक्या पैशात कन्व्हर्टर डिस्क (शेगडी आणि भांड्याच्या मध्ये ठेवायची स्टीलची चकती) मिळते आणि तिच्यावर घरातली ॲल्युमिनियमची, तांब्याची भांडी चालतात. मग लोकांना नव्या भांड्यांच्या खर्चात का पाडता? शिवाय निम्मा लेख प्लगवर का खर्ची घातला? आणि फोडणीच्या कढल्याचं काय करायचं, ते सांगितलंच नाही.

पैशाचा मुद्दा अगदी रास्त आहे. डिस्कला माझा विरोध आहे तोही त्याचसाठी.

इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेची कॉईल असते. तिच्यातल्या विजेची दिशा सेकंदाला 20,000 हून जास्त वेळा बदलते, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याचा तळ स्वतःच तापतो. मध्ये डिस्क आली की तापते ती डिस्क. वरचं पातेलं नुसतं तिच्या शेकावर बसतं. रोजच्या वापरातला ॲल्युमिनियमचा टोप उलटा करा आणि तळावर स्टीलची पट्टी आडवी धरा. पोचे दिसतील, मधला फुगवटा दिसेल, पट्टीखालून उजेड येईल. तेवढी सगळी हवा डिस्क आणि टोपाच्या मध्ये राहते, आणि हवेतून उष्णता सहजी पुढे जात नाही. म्हणून डिस्क भलतीच तापते, तिचं स्टील निळसर-जांभळं पडतं, आणि काचेखालचा सेन्सर मध्येच शेगडी बंद करतो. त्याने वेळेवर बंद केली नाही तर तोच ताप खाली कॉईलला आणि सर्किटला लागतो. काच एक वेळ टिकेल, सर्किटचा भरवसा नाही.

वेळेचंही बघा. चालणाऱ्या भांड्यात 1600 वॅटवर लिटरभर पाणी साधारण चार मिनिटांत उकळतं. याच वेगासाठी आपण इंडक्शन घेतो ना? डिस्क ठेवल्यावर तिची हॉट प्लेट होते.

डिस्क सरसकट वाईट आहे असं नाही. बियालेत्ती कंपनी मोका पॉटसाठी, म्हणजे शेगडीवर कॉफी करायच्या छोट्या भांड्यासाठी, अशी प्लेट स्वतः विकते. छोटं भांडं, कपभर पाणी, मंद आच, इतपत ठीक. रोजचा डाळ-भाताचा कुकर तिच्यावर लावू नका.

आता नव्या भांड्यांचं. यादीत पहिल्या क्रमांकावर मी चुंबक ठेवलं होतं, ते खर्च टळावा म्हणूनच. फ्रिजवरचं चुंबक काढा आणि मांडणीवरचं एकेक भांडं तपासा. घट्ट चिकटलं आणि तळ सपाट असला तर भांडं चालेल. बिडाचा तवा चालतो, सपाट बुडाची लोखंडी कढई चालते. स्टीलचं मात्र दिसण्यावरून कळत नाही. 304 प्रतीचं स्टील चांगलं असूनही त्याला चुंबक धरत नाही, 430 ला धरतं. एवढं करूनही विकत घ्यायचंच झालं तर जाड बुडाचं एक पातेलं आणि इंडक्शन बेसचा कुकर घ्या. जाड बूड का, तर साध्या शेगड्यांमध्ये मंद आच म्हणजे बहुतेक वेळा मोठी आच मिनिटभरात अनेकदा चालू-बंद होणं. पातळ बुडाच्या पातेल्यात 200 वॅटवर ठेवलेलं दूधही खाली लागतं ते यामुळेच. तांब्या-पितळेची भांडी गॅससाठी राहू द्या.

प्लगबद्दल मी पुन्हा तेवढंच लिहीन, कारण भाड्याच्या खोल्यांमध्ये हे सर्रास दिसतं. शेगडी 2000 वॅटची, तिचा प्लग 16 अँपियरचा, भिंतीत सॉकेट 6 अँपियरचं, आणि मध्ये कन्व्हर्जन प्लग. 230 व्होल्टवर 2000 वॅट म्हणजे जवळपास 8.7 अँपियर. 6 अँपियरच्या सॉकेटची मर्यादा 1380 वॅटला संपते. प्लग बसला म्हणून वायर तेवढा भार सोसते असं नाही. कुकर झाल्यावर बटण बंद करा आणि प्लगच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट असेल तर हरकत नाही, चटका बसला तर तिथे शेगडी लावणं त्याच दिवशी थांबवा. इलेक्ट्रिशियनकडून 16 अँपियरचं सॉकेट त्याला साजेशा जाड वायरसह बसवून घेणं, ही माझ्या मते इंडक्शनची सगळ्यात गरजेची ॲक्सेसरी आहे. घरमालक ऐकत नसेल तर 1200 वॅटची शेगडी घ्या, आणि तीही थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन बोर्डला नको.

सिलिकॉनची चटई चरे पडू नयेत म्हणून ठीक आहे, पण तव्याखाली नको, तापून भाजते.

राहिलं कढलं. बऱ्याच शेगड्यांना निदान 12 सेंटिमीटरचा तळ लागतो, त्याहून लहान भांडं त्या ओळखतच नाहीत. त्यासाठीही डिस्क घेऊ नका. आमटीची फोडणी त्याच पातेल्यात आधी करा आणि वर शिजलेली डाळ घाला. वरून फोडणी हवी असेल तर सपाट बुडाची छोटी लोखंडी कढई पुरते. तेल घातल्यावरच शेगडी चालू करा, 800 वॅटच्या वर नेऊ नका आणि मोहरी तडतडली की लगेच बंद करा. हिंग-हळद त्यानंतर घाला. लोखंडात तेवढा ताप उरलेला असतो, चालू शेगडीवर घातलीत तर हळद करपेल.