माया किती ठेवायची?

सात वर्षं मी मागच्या खोलीत दार लावून शिवत होतो. तेवढ्या काळात जगाला माझा त्रास झाला नाही आणि जगाचा मला. या छंदातलं अर्धं सुख कापडात असतं आणि अर्धं त्या लावलेल्या दारात. बाही मुंढ्यात बसली नाही, गळा पोटापर्यंत उतरला, काज एकीकडे आणि बटण भलतीकडे गेलं, तरी बोभाटा होत नाही. फारच बिघडलेलं काही असलं की मी ते पलंगाखालच्या जुन्या बॅगेत कोंबायचो आणि वरून चेन लावून टाकायचो.

त्या बॅगेतला मानकरी म्हणजे माझा पहिला पायजमा. कापडाला दुहेरी घडी घालून बेतलं की एक डावा आणि एक उजवा असे दोन पाय आपोआप निघतात. मी घडी न घालता एकेरी कापडावर तोच कागदी नमुना दोनदा तसाच ठेवला आणि कापला. मला दोन डावे पाय मिळाले. दोन्ही देखणे होते. एकावर मी हौसेने खिसासुद्धा लावला होता. पण दोन डाव्या पायांचा पायजमा घालायला माणूसही त्याच मापाचा लागतो.

घात केला एका पिशवीने. जरा बरी जमली म्हणून मी ती हातात घेऊन बाहेर पडलो आणि जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, “छान आहे हो! कुठून घेतलीत?”

“मीच शिवली.”

त्या वेळी “कुणीतरी भेट दिली” एवढं खोटं बोललो असतो, तर आज हे लिहीत न बसता निवांत शिवत बसलो असतो.

दुसऱ्याच दिवशी दारात एक पँट आली. “खालून दोन इंच कमी करायचीय. तुमच्यासाठी काय, पाच मिनिटांचं काम!”

न शिवणाऱ्यांच्या लेखी शिवणाचं प्रत्येक काम पाच मिनिटांचंच असतं. जुनी टीप उसवा, धागे वेचा, पँटच्या मालकाला ती घालून उभं करा, मोजा. मालक “कुठपर्यंत घेताय?” म्हणत वाकून बघतो, की पँट वर सरकते, की पुन्हा मोजा. खडूने खूण करा, दुमड इस्त्रीने बसवा, टाचण्या लावा, जुळता दोरा शोधा, तोच दोरा बॉबीनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळावर, भरा आणि मग टीप मारा. टीप खरोखरच पाच मिनिटांची असते. आधीचा तास कुणाच्या हिशेबात नसतो. पँटमागून उशीचे अभ्रे आले, अभ्र्यांमागून चेन तुटलेली जॅकेटं आली. जॅकेटची चेन बदलण्याचं काम मी वैऱ्यालाही सांगणार नाही. मला ते सांगायला सगळे मित्रच आले.

शेवटी बायको म्हणाली, “अरे, सगळ्यांचं शिवत बसण्यापेक्षा सगळ्यांना शिकवून टाक. आपापलं शिवतील.” मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्द्यांनी माझं कधीही भलं केलेलं नाही, हे त्या वेळी आठवलं नाही. दर शनिवारी चार वाजता, मागच्या खोलीत, असं ठरलं.

पहिल्या शनिवारी माणसं सात आणि मशीन एक. दुसऱ्या शनिवारी मशीनं तीन झाली. काकूंनी त्यांच्या आजीचं हाताने फिरवायचं काळं लोखंडी मशीन आणलं आणि मेहुणीने तिचं विजेवरचं, चार वर्षं खोक्यातच असलेलं. आजीच्या मशीनला तेलाचे दोन-चार थेंब पाजले आणि ते चालू लागलं, जणू कालच कुणी झाकून ठेवलं होतं. नव्या मशीनवर बावीस प्रकारच्या टिपांची चित्रं होती. त्यांतली साधी सरळ टीपही ते घालीना. वरून टीप बरी दिसायची, पण कापड उलटवलं की खाली दोऱ्याचं घरटं.

घरटं खाली म्हणजे खोट बॉबीनमध्ये, असं एकमताने ठरलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी बॉबीन केस तीनदा खोलली, तीनदा पुसली आणि तिसऱ्यांदा एक स्क्रू आपल्या खिशात ठेवून तो खोलीभर शोधला. खरी खोट वरच्या दोऱ्यात होती. मशीनचा दाबपाय, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला, तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात शिरत नाही, बाहेरूनच जातो, आणि मग त्याला ताणच नसल्यामुळे तो खाली जाऊन लोळण घेतो. दाबपाय वर उचलायचा, मग दोरा ओवायचा, एवढाच उपाय. “गोंधळ खाली दिसतो, करणारा वर बसलेला असतो,” असं मी म्हणालो, तेव्हा नोकरी करणाऱ्या तिघांनी खोल श्वास घेऊन माना डोलावल्या. ही विद्या मला चार वर्षं घरटी कापल्यावर आली होती, हे मी सांगितलं नाही. सांगताना आवाज असा लावला, की घराण्यात चालत आली आहे असं वाटावं.

बॅगेचं कुलूप घ्यायला हवं, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा तेव्हाच आला होता. कामाच्या गडबडीत राहून गेलं.

पुढच्या शनिवारी मायेचा विषय निघाला. शिवणीच्या कडेला जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. (हे नाव ज्या कुणी पहिल्यांदा दिलं, त्याने नक्कीच कुणासाठी तरी कपडे शिवले असणार.) मी म्हटलं, “दीड सेंटीमीटर माया ठेवा.” इंजिनिअरसाहेबांनी पट्टी काढली आणि विचारलं, “दीड म्हणजे टिपेपासून, की टिपेच्या मध्यापासून?” मेहुणीने कापड वाचवायचं म्हणून मायाच ठेवली नाही, नमुन्याच्या कडेकडेने कापलं. तिचा झगा शिवून झाल्यावर त्यात फक्त डोकं गेलं, आणि ते बाहेर काढायला दोघांना ओढावं लागलं. काकूंनी उलट चार-चार बोटं माया सोडली. त्यांचा कुडता उलटा करून पाहिला तर आत अजून एक कुडता निघेल एवढं कापड होतं. त्याच वेळी बायकोचा आईशी फोन चालू होता आणि मागून मी ओरडत होतो, “अहो, मायाच नाही तर टिकणार कसं? जरा ताण पडला की सगळं उसवेल!” सासूबाईंनी त्या रात्री मला वेगळा फोन करून, सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.

कात्रीबद्दल मी फार बोलणार नाही, अजून त्रास होतो. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि तिसऱ्या शनिवारी पाठीमागे कर्र कर्र असा आवाज आला. वळून पाहिलं तर मेहुणी माझ्या कात्रीने मशीनचं पुठ्ठ्याचं खोकं कापत होती. “नमुना करतेय,” ती म्हणाली. “टिकाऊ होईल.”

बॉबीनही गेल्या. माझ्याकडे नऊ होत्या. तीन मशीनच्या बॉबीन तीन मापांच्या, पण लांबून सगळ्या बहिणी वाटतात. जो तो माझी उचलायचा, आपल्या मशीनमध्ये घालून बघायचा, बसत नाही म्हणून बाजूला ठेवायचा. त्या बाजूची जागा मला आजतागायत सापडलेली नाही. महिनाभरात नवाच्या दोन उरल्या.

भांडणं व्हायची ती माझ्या मशीनवरून. ते सगळ्यांत शहाणं होतं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असायचं. एकदा आवाज फारच चढले, तेव्हा इंजिनिअरसाहेब उभे राहिले. त्यांनी तोवर एकही सरळ टीप मारली नव्हती, मात्र शिवणयंत्राचा इतिहास मुखोद्गत करून आले होते. म्हणाले, “फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली यंत्राचं पेटंट घेतलं. पॅरिसमध्ये ऐंशी यंत्रं लावून सैन्याचे गणवेश शिवायला लागला. १८३१ मध्ये तिथल्या शिंप्यांच्या जमावाने येऊन सगळी यंत्रं फोडली.” खोलीत हळहळ झाली. मी एकटाच त्या शिंप्यांच्या बाजूने होतो.

साहेब थांबेनात. अमेरिकेत वॉल्टर हंटने १८३०च्या दशकातच दोन दोऱ्यांची, टोकाला नेढं असलेल्या सुईची युक्ती काढली होती, पण शिवणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येईल म्हणून पेटंट घेतलं नाही, असं सांगतात. ते १८४६ मध्ये इलायस हाउने घेतलं. मग हाउ आणि सिंगर कोर्टात, बाकीचे कारखानदार कोर्टात, जो तो दुसऱ्यावर दावा लावून बसलेला. शेवटी १८५६ मध्ये मोठ्या मंडळींनी आपापली पेटंटं एकत्र केली आणि यंत्रं विकायला मोकळे झाले. “तात्पर्य,” साहेब म्हणाले, “यादी करा.” हंटनेच पुढे, १८४९ मध्ये, सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं, हेही त्यांनी सांगितलं. त्यांनी स्वतः शिवलेला ॲप्रन त्या वेळी चार सेफ्टी पिनांवर अंगाला टिकून होता.

यादी भिंतीवर लागली. एकेकाला वीस मिनिटं. माझं नाव पाचवं होतं.

पाचव्या नंबरची वाट बघत मी बसलो होतो, त्या शनिवारी ते घडलं. काकूंची दहा वर्षांची नात येत असे. तिची टीप माझ्यापेक्षा सरळ जायची. कारण ती सुईकडे न बघता मशीनच्या पट्टीवरच्या रेघेकडे बघायची, आणि मी सात वर्षं सुईकडेच बघत आलो होतो. तिला सरावासाठी चिंध्या हव्या होत्या. “पलंगाखाली बघ,” असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं, ते मला माहीत आहे. मी तिच्याशी लग्न केलेलं आहे.

चेनचा आवाज आला. मग एकेक वस्तू वर निघू लागली. एका बाहीचा शर्ट. उलट्या बाजूने पिको केलेला टेबलक्लॉथ. पहिल्या धुण्यात आटून बाहुलीच्या मापाचा झालेला कुडता, कारण सुती कापड आधी भिजवून घ्यायचं मला सुचलं नव्हतं. आणि सगळ्यांच्या खाली पायजमा. पोरीने तो दोन्ही हातांनी धरून उंच केला. खोलीत शांतता पसरली. सगळ्यांची नजर त्या पायांवरून माझ्या पायांवर आली.

“काका, दोन्ही डावे आहेत,” ती म्हणाली.

“हो.”

“मग एक उलटा करून लावायचा ना. कापड दोन्हीकडून सारखंच आहे.”

मी पायजम्याकडे बघितलं. साधं एकरंगी कापड, उलट-सुलट खरंच ओळखू येत नव्हतं. एवढं साधं उत्तर सात वर्षं पलंगाखाली पडून होतं, आणि मी रोज त्याच्यावर झोपत होतो.

मग कुणी माझ्या परवानगीची वाट पाहिली नाही. काकूंनी कंबर उसवली, मेहुणीने पाय उसवले (माझ्याच कात्रीने, आता तिला धार नसल्यामुळे तेवढाच उपयोग), साहेबांनी टिपेच्या मध्यापासून दीड सेंटीमीटर माया आखली, पोरगी मशीनवर बसली. खोलीत एवढा आनंद माझ्या कुठल्याही चांगल्या कामाने झाला नव्हता. पुढच्या शनिवारी तर सगळे आपापल्या घरून फसलेले कपडे घेऊन आले. काकूंनी कापड वाचवायला तिरकं बेतलेला ॲप्रन आणला. उरेब कापड ताणलं जातं, म्हणून तो धुतल्यावर पिळा घालून बसला होता. तो बघून साहेबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

पायजमा मापात बसला. आता मी तो शनिवारी घालतो. उलटवायला घेतलेला पाय नेमका खिशाचा होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा टीप घोट्यापर्यंत पोचली होती आणि उसवा म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यामुळे खिसा आतल्या बाजूला आहे, बाहेरून कुणाला कळत नाही.

उरलेल्या दोन बॉबीन मी त्यात ठेवतो.