‘बॅकअप होता तरी यांना रिस्टोअर जमलं नाही’ या १ स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप नवीन एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकायला दिला, सोबत एक्स्टर्नल हार्डडिस्कवर अख्ख्या सिस्टिमची इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची हुबेहूब कॉपी, तयार होती, ती फक्त रिस्टोअर करायची म्हणजे परत टाकायची होती पण यांना ते जमलं नाही, विंडोज कोरी टाकून दिली, दोन दिवस जास्त लावले, डेटा कॉपीचे ८०० वेगळे घेतले, घरी येऊन बघितलं तर बॅकअपचं फोल्डर शून्य बाइट दाखवतंय म्हणजे उडवलं, मराठी फाइल्स वाचता येत नाहीत, मुलीच्या मॅकवर डिस्क कॉपी करू देत नाही, आणि वरून दुसरी हार्डडिस्क घ्या म्हणून मागे लागले. एकेक करून सगळ्याचं उत्तर देतो, इथेच देतो, कारण हेच प्रश्न घेऊन दुकानात रोज कोणी ना कोणी येतं. फाइल्स कसल्या होत्या ते मात्र इथे लिहिणार नाही, ते तुमचं खासगी आहे.

आधी त्या शून्य बाइटचं, कारण खरी काळजी तुम्हाला त्याचीच लागली असणार. डेटा कुठेही गेलेला नाही. विंडोज जी सिस्टिम इमेज बनवते ती विंडोजइमेजबॅकअप नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि त्या फोल्डरला परवानग्यांचं कुलूप असतं, त्यामुळे नुसतं राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितलं की साइज शून्य दिसते. फोल्डरवर डबलक्लिक करा, परवानगी नाही असा बॉक्स येईल, त्यात कंटिन्यू दाबा, मग आत लॅपटॉपच्या जुन्या नावाचं फोल्डर, त्यात बॅकअप आणि तारीख लिहिलेलं फोल्डर, आणि त्यात व्हीएचडीएक्स अशी शेपटी असलेली मोठ्ठी फाइल दिसेल, तीच तुमची इमेज. फक्त त्या फाइलवर डबलक्लिक करू नका, तसं केलं तर ती ड्राइव्हसारखी जोडली जाते आणि त्यात चुकून काही बदललं की बदल थेट बॅकअपमध्येच होतो. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ॲक्शनमध्ये अटॅच व्हीएचडी आहे, तिथे रीड ओन्लीवर टिक करून मगच जोडा, आतल्या फाइल्स बघता येतील, बाहेर कॉपी करता येतील, इमेजला धक्का लागणार नाही. आणि कृपा करून त्या फोल्डरचं नाव बदलू नका, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकू नका, रिस्टोअर करताना विंडोज ते फोल्डर त्याच नावाने आणि डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवरच शोधते.

आता रिस्टोअर का नाही केलं. तुमच्या लॅपटॉपमध्ये आधी १ टीबीची हार्डडिस्क होती, नवीन एसएसडी ५१२ जीबीची. तुमचं म्हणणं असं की डेटा तर २०० जीबीच्या आसपासच होता मग ५१२ मध्ये का मावणार नाही, आणि ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं. पण विंडोजचं हे इमेज रिस्टोअर डेटा किती ते बघत नाही, मूळ डिस्क केवढी होती ते बघतं. इमेजमध्ये तुमच्या फाइल्स एकट्या नसतात, पार्टिशन कसे पाडलेत, बूटचा छोटा भाग कुठे, लपवलेला रिकव्हरीचा भाग कुठे, हे सगळं जागच्या जागी नोंदवलेलं असतं, म्हणजे अख्खं घर पायासकट उचलून ठेवल्यासारखं. लावायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी पाहिजे, लहान असेल तर एररच येते. ती एरर स्क्रीनवर आली तेव्हा आमच्या मुलाने फोटो काढून तुम्हाला पाठवलेला आहे. हे दुकानाला जमलं नाही असं नाही, हे त्या टूलचंच बंधन आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये त्याचं नाव आजही बॅकअप अँड रिस्टोअर विंडोज ७ असंच आहे, आणि मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच सिस्टिम इमेज बॅकअप हे जुनं झालं, दुसऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर वापरा असं सांगून टाकलंय, पण टूल काढून टाकलेलं नाही म्हणून लोक वापरत राहतात आणि नेमकी डिस्क बदलायच्या दिवशी अडकतात.

समजा एसएसडी १ टीबीची असती तरी मी ती इमेज टाकू नका असंच म्हणलो असतो. कारण तारीख. ती इमेज २०२२ ची आहे काका. इमेज म्हणजे त्या दिवशी मशीन जसं होतं तसं गोठवलेलं, त्यानंतरचं एकही पत्र, एकही फोटो त्यात नाही. ती टाकली असती तर लॅपटॉप मस्त चालू झाला असता आणि २०२२ नंतरचं सगळं गायब दिसलं असतं, मग हा रिव्ह्यू खरंच बरोबर ठरला असता.

म्हणून नवीन फाइल्स जुन्या हार्डडिस्कवरूनच काढायच्या होत्या, आणि जास्तीचा वेळ तिथे गेला. ती डिस्क मरायला टेकलेली आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती ते दाखवतं, तुम्हीही घरी टाकून बघा. तुमच्या डिस्कवर पिवळं कॉशन आलं होतं, करंट पेंडिंग सेक्टर शून्य असायला हवेत तिथे आकडा होता, म्हणजे काही जागा अशा की डिस्कला स्वतःलाच वाचता येत नाहीयेत. अशा डिस्कवर साधं कॉपी पेस्ट लावलं की ते एका खराब जागेवर अडकतं, डिस्क तिथेच परत परत डोकं आपटत राहते आणि उरलेलं चांगलंही वाचायचं राहून जातं. आम्ही लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून डेटा काढायचं सॉफ्टवेअर चालवलं, ते आधी चांगलं चांगलं सगळं उचलून घेतं, खराब जागांची नोंद नकाशासारख्या एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं आणि सगळ्यात शेवटी त्या जागांवर परत प्रयत्न करतं, मधेच लाइट गेली तरी पुढे जिथून थांबलं तिथून सुरू करता येतं. याला वेळ लागतोच, घाई केली तर डिस्क जागेवर बसते आणि मग डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये हजारोंचं बिल होतं. ते ८०० रुपये याच कामाचे, साध्या कॉपीचे नाहीत, आणि काम सुरू करण्याआधी फोनवर आकडा सांगितला होता, तुम्ही हो म्हणालात तेव्हाच मशीनला लावलं.

तरीही थोड्या फाइल्स वाचल्याच गेल्या नाहीत, आणि तिथे तुमची ती २०२२ ची इमेज कामाला आली. ज्या फाइल्स जुन्या डिस्कवर फाटलेल्या निघाल्या त्यातल्या ज्या इमेज करण्याच्या आधीच्या होत्या त्या इमेजमधून काढून जागच्या जागी ठेवल्या, म्हणून लॅपटॉपमध्ये आता तुम्हाला सलग दिसतंय. तुमचा बॅकअप वाया गेला असं अजिबात समजू नका, तो नसता तर जुने फोटो गेलेच होते. तुम्ही २०२२ मध्ये बसून स्वतः इमेज केलीत हे फार कमी लोक करतात, याचं मला मनापासून कौतुक आहे. फक्त त्यानंतर ती पुन्हा झाली नाही आणि एकदाही उघडून बघितली गेली नाही. माझं सगळ्या गिऱ्हाइकांना एवढंच सांगणं असतं की जो बॅकअप तुम्ही स्वतः उघडून त्यातून एक फाइल परत काढून बघितली तोच धरायचा, बाकी डिस्कवर पडलेल्या मोठ्या फाइलवर भरवसा ठेवून नवीन डिस्क विकत घेऊ नका.

विंडोज कोरी का टाकली, तर ज्या डिस्कवर खराब जागा निघाल्या तिथली विंडोज तशीच्या तशी उचलली तर तिच्या सिस्टिम फाइल्सही फाटलेल्या असू शकतात, मग महिन्याभराने लॅपटॉप निळी स्क्रीन दाखवून बंद पडला असता. तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ टाकली. लायसन्सचे पैसे घेतलेले नाहीत, ते तुमच्या मदरबोर्डला बांधलेलं आहे, डिस्क बदलली तरी चालू राहतं. अजून एक गोष्ट, नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की असते. पावतीसोबत पिशवीत पांढरा प्रिंट दिलाय तो हाच, फेकला असेल तर तुमच्या अकाउंटमध्येही सापडेल, आजच शोधून डायरीत लिहून ठेवा. ती की नसेल तर उद्या लॅपटॉप बिघडला आणि एसएसडी काढून दुसरीकडे लावली तरी आत काहीच वाचता येणार नाही, आम्हालाही नाही.

मराठी फाइल्समध्ये कसलीतरी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात असं लिहिलंय. फाइल खराब झालेली नाही. तुमची जुनी पत्रं युनिकोडच्या (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, श्रीलिपी, कृतीदेव असे जे फॉन्ट असतात त्यात कॉम्प्युटरच्या हिशोबाने अक्षर इंग्रजीच असतं, मराठी दिसतं ते फॉन्टमुळे, आणि फॉन्ट डॉक्युमेंट्समध्ये नसतो तर विंडोजच्या फोल्डरमध्ये असतो. नुसता डेटा कॉपी केला की तो मागे राहतो, आणि इमेज ठेवायचा खरा फायदा इथे कळतो कारण तिच्यात तोही असतो. तुमच्याकडे सॉफ्टवेअरची सीडी असेल तर घेऊन या, नसेल तर तुमच्याच इमेजमधून तो फॉन्ट काढून टाकून देतो, लगेच नीट दिसेल. इथून पुढचं लिखाण युनिकोडमध्ये करा म्हणजे मोबाइलवरही वाचता येईल.

मॅकचं असं की डिस्क विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची आहे, मॅक ती वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, आम्ही लॉक वगैरे काही केलेलं नाही. एक्सफॅट केली तर दोन्हीकडे चालेल पण त्यासाठी फॉरमॅट मारावा लागतो आणि विंडोजची सिस्टिम इमेज एक्सफॅटवर बनत नाही. तुमची इमेज आत असताना मी ते करणार नाही, कोणी दुसऱ्याने सुचवलं तरी करू देऊ नका. २ टीबी म्हणून घेतली आणि १.८१ दिसते, हेही तुम्ही लिहिलंय. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, म्हणून २ टीबीची १.८१ आणि तुमच्या ५१२ च्या एसएसडीची ४७६ दिसते. मुलीच्या मॅकवर तीच डिस्क पूर्ण २ टीबी दिसेल, कारण मॅक २००९ पासून हजाराने मोजतो.

राहिलं दुसऱ्या हार्डडिस्कचं. माझ्याकडूनच घ्या असं मी म्हणलेलो नाही, ऑनलाइन घ्या, घरात एखादी चांगली पडून असेल तर ती वापरा, पण दुसरी पाहिजे हे आजही ठामपणे सांगतो. आत्ता तुमची इमेज त्या एकाच डिस्कवर आहे आणि ती डिस्क तुमच्या टेबलावर चोवीस तास लॅपटॉपला लावलेली असते. ती पडली किंवा चोरीला गेली तर संपलं. आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आलं तर ते आधी जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवर फिरतं, फुकटात ऑफिस ॲक्टिव्हेट करणारी जी सॉफ्टवेअरं लोक डाउनलोड करतात त्यातून स्टॉप डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर घरगुती कॉम्प्युटरवर भरपूर पसरलं, लॅपटॉप आणि बॅकअप दोन्ही एकदमच लॉक. म्हणून काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवायची, आणि दुसरी कॉपी घराबाहेर, मुलीकडे ठेवली तरी चालेल. पुढच्या वेळी इमेज करायच्या आधी जुनी कुठे ठेवायची ते मला विचारा, कारण विंडोज एका डिस्कवर त्या लॅपटॉपची नवीन इमेज करताना जुनीवरच लिहिते.

रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही, ते तुम्ही ठरवा. फक्त एक काम लवकर करा. तुमच्या जुन्या हार्डडिस्कची आम्ही काढलेली कॉपी अजून दुकानात आहे, पावतीवर छापलंय तसं पंधरा दिवसांनी ती पुसतो, म्हणजे येत्या शनिवारपर्यंत. त्याआधी घरी निवांत बसून फोल्डर बघून घ्या, काही कमी वाटलं तर कुठल्या वर्षाचं आणि साधारण काय ते फोनवर सांगा, शोधून ठेवतो. येताना लॅपटॉप आणि एक्स्टर्नल दोन्ही आणा, फॉन्टही टाकून देतो आणि ती व्हीएचडीएक्स तुमच्यासमोर रीड ओन्ली जोडून दाखवतो, याचे पैसे नाहीत. जुनी डिस्क कुठेही लावू नका, फॉरमॅट तर नकोच. संध्याकाळी ६ नंतर गर्दी असते, दुपारी ३ ला आलात तर नीट बसता येईल, गुरुवारी दुकान बंद असतं.