आधी उपशाला कुलूप, मग पुनर्भरण

महाराष्ट्रात पाण्याचा विषय निघाला की वाळवंटाचं उदाहरण हमखास येतं. सात-आठ इंच, म्हणजे जेमतेम दोनशे मिलिमीटर पावसावर अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेती होते, शहरं वाढतात, मग मराठवाड्यात सहा-सातशे मिलिमीटर पडूनही टँकर का? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पुनर्भरणावर, म्हणजे जमिनीत पाणी मुरवण्यावर येऊन थांबतं. नाले खोल करा, बोअर भरून घ्या, शेततळी काढा. फिनिक्सच्या परिसरात राहून इथलं पाणी जवळून पाहताना वाटतं, की ॲरिझोनाची अर्धीच गोष्ट गावी पोचली आहे.

उरलेली अर्धी उपशाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे कापूस आणि चाऱ्यासाठी विहिरींतून बेसुमार पाणी ओढलं गेलं. फिनिक्सच्या पश्चिमेला ल्यूक हवाई तळाच्या आसपास 1992 पर्यंत पाण्याची पातळी 300 फुटांहून जास्त उतरली होती आणि जमीन 18 फुटांपर्यंत खचली होती. इथल्या डोंगरांमधल्या खोऱ्यांत वाळू, रेती आणि चिकणमातीचे जाड थर आहेत. चिकणमातीच्या कणांमधलं पाणी वरचा भार पेलायला मदत करतं. ते काढून घेतलं की कण एकमेकांवर दाबले जातात आणि थर आवळतो. नंतर कितीही पाणी मुरवलं तरी तो पुन्हा फुगत नाही, म्हणजे पाणी साठवायची ती जागाच कायमची जाते. खोऱ्यांच्या कडांना जमिनीला भेगा पडतात आणि त्यांतून रस्ते, कालवे, घरांचे पाये फाटतात.

शेवटी 1980 मध्ये भूजल कायदा आला, तोही सुखासुखी नाही. उपशावर बंधन घातलं नाही तर कोलोरॅडो नदीचं पाणी आणणाऱ्या 336 मैलांच्या कालव्याचा पैसा अडवू, असा दम केंद्राने दिला होता. फिनिक्स, टूसान, प्रेस्कॉट, पिनाल ही खोरी नियंत्रणाखाली आली. 1975 ते 1980 या काळात जी जमीन भिजत होती तेवढीच पुढे भिजेल, नवी जमीन ओलिताखाली आणता येणार नाही. मिनिटाला 35 गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे 132 लिटरपेक्षा जास्त पाणी देऊ शकणाऱ्या पंपाला मोजणी यंत्र लागतं. वर्षभराच्या उपशाचा हिशेब 31 मार्चपर्यंत द्यावा लागतो आणि उपशावर शुल्कही पडतं.

पुनर्भरणाची व्यवस्था या कुलपानंतर उभी राहिली. नदीपात्रात किंवा शेजारी उथळ तलाव करून त्यांत कालव्याचं पाणी सोडतात. काही दिवस भरायचे, मग सुकू द्यायचे, कारण गाळ आणि शेवाळाचा पातळ पापुद्रा बसला की झिरपा मंदावतो. सुकून तडकलेला तो पापुद्रा अधूनमधून खरवडून काढावा लागतो. मुरवलेल्या पाण्याचं खातं असतं: साधारण 5 टक्के जलधराला, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थराला कायमचं सोडायचं, उरलेलं नंतर उपसता येतं. आणि जे पाणी निसर्गतः तसंही मुरलंच असतं, ते या खात्यात धरत नाहीत. आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. पावसाळ्यात जे मुरणारच होतं त्याचा आकडाही योजनेच्या नावावर लागतो.

नियंत्रणाबाहेरच्या खोऱ्यांत काय झालं, तेही गावी सांगायला हवं. बटलर व्हॅलीत राज्याची जमीन एकरी 25 डॉलर वार्षिक भाड्याने घेऊन एका सौदी दुग्धकंपनीची उपकंपनी लसूणघास पिकवत होती आणि चारा जहाजाने सौदी गाईंकडे जात होता. सौदी अरेबियाने स्वतःचं हजारो वर्षांपूर्वीचं पाणी गहू आणि चाऱ्यावर उपसून मग तिथल्या लागवडीला लगाम घातला, म्हणून तहान इथे आली. हे करार 2023 च्या ऑक्टोबरात राज्याने मोडायला घेतले. विलकॉक्स खोऱ्यात मोठ्या विहिरींशेजारी घरांच्या विहिरी कोरड्या पडल्या. तरीही 2022 च्या मतदानात तिथल्या लोकांनी नियंत्रण नाकारलं आणि 2024 च्या अखेरीस राज्याला ते स्वतः लावावं लागलं.

आता आपला खडक. महाराष्ट्राच्या चार पंचमांशाहून अधिक भागाखाली बेसाल्ट आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात, बारीक पोकळ्यांच्या मांजऱ्या खडकात आणि भेगांत. एक हेक्टर घ्या. खाली 10 मीटर जाडीचा पाणी धरणारा थर आणि त्याची पाणी देण्याची क्षमता आकारमानाच्या 2 टक्के धरली, तर पूर्ण भरल्यावर निघतात 2,000 घनमीटर, म्हणजे 20 लाख लिटर. ॲरिझोनाच्या 100 मीटर जाड रेतीत 10 टक्क्यांनी हाच आकडा एक लाख घनमीटर होतो. पन्नास पट. उसाला हेक्टरी 20,000 घनमीटरच्या आसपास पाणी लागतं. एक हेक्टर ऊस म्हणजे दहा हेक्टरांखालचा साठा, तोही पुरता भरला असेल तर.

म्हणून 800 फूट बोअर मारून आपल्याकडे नवं पाणी क्वचितच मिळतं. खाली काळा पाषाण असतो. मधली एखादी भेग लागली तर ती बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीचंच पाणी खाली खेचते. 2009 च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात बोअरच्या खोलीला 60 मीटरची, म्हणजे सुमारे 200 फुटांची मर्यादा आहे आणि कायदा 2014 पासून लागू आहे. बोअरच्या गाड्यांना याची धास्ती वाटते असं गावात कुठे दिसत नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचंही तेच. पावसाचं पाणी अडवण्याऐवजी ती बोअरने भरली, की भूजल उचलून उन्हात वाळत घालण्याचा तो प्रकार होतो.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून वीज मोफत झाली आणि सौरपंपही वेगाने वाढताहेत. या निर्णयावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं, पण तंट्याचा मुद्दा बिलापुरता राहतो. कोरडवाहू शेतकऱ्याला दिलासा मिळायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र उपसा फुकट आणि त्याची नोंदही नाही, ही जोडी घातक आहे. सौरपंपाला तर खोल गेल्यावर वाढणाऱ्या बिलाचाही लगाम उरत नाही.

इथलं मोजमाप जसंच्या तसं उचलू नये. मिनिटाला 132 लिटरपर्यंतची सूट आपल्याकडे दिली तर दीड-दोन इंची पाणी देणारे बहुतेक बोअर त्यातच सुटतील. आपल्याला मोजणी गावपातळीवर आणि स्वस्तात हवी. 200 लिटरचा पिंप भरायला किती सेकंद लागतात ते महिन्यातून एकदा पाहायचं. साठ सेकंद लागले तर मिनिटाला 200 लिटर. त्याला पंप चालल्याच्या तासांनी गुणायचं. एकदा मोजून वर्षभर तोच आकडा वापरला तर चुकेल, कारण बेसाल्टात पातळी उतरली की मे महिन्यात तोच पंप निम्मंही देत नाही.

बोअर पुनर्भरणातही घाई नको. शेतातलं गढूळ पाणी सरळ बोअरच्या केसिंग पाइपमध्ये सोडलं की गाळ भेगांत बसतो. इथल्या तलावाचा पापुद्रा खरवडता येतो, 200 फुटांवरची भेग खरवडता येत नाही. आधी गाळ बसवणारा खड्डा, मग दगड-खडी-वाळूचा गाळणथर, आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेरच सोडून द्यायचं.

एका बाबतीत आपण ॲरिझोनाहून नशीबवान आहोत. इथे हजारो वर्षांत साचलेलं पाणी गेलं ते गेलं. आपला छोटा साठा बऱ्या पावसाळ्यात पुन्हा भरतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये घेतेच. त्यातला ऑक्टोबरचा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लागला, तर हिवरे बाजारसारखा पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला किती एकर गहू, किती कांदा आणि किती हरभरा हे पेरणीआधी ठरवता येईल. ठरल्यावर कृषिपंपांच्या फीडरचे, म्हणजे वीजवाहिनीचे तास त्याच हिशेबाने सोडायचे आणि जानेवारीची पातळी पाहून दुरुस्त करायचे.