कार्मेनच्या कोरसात

कार्मेन कुणाच्या बापाला भीत नाही. तिच्या कोरसातल्या आम्ही मात्र सगळ्यांना भितो: संगीत संचालकाला, दिग्दर्शिकेला, आणि हॉलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या आजोबांना तर फारच.

लंडनच्या उपनगरातल्या आमच्या हौशी मंडळाने यंदा फ्रेंच संगीतकार बिझेचा ‘कार्मेन’ हा ऑपेरा करायला घेतलाय. मी त्यात स्पेनमधल्या सेव्हिलच्या सिगारेट कारखान्यातली कामगार. पहिल्या अंकात आम्ही धूर सोडत बाहेर येतो आणि प्रियकरांची गोड बोलणी म्हणजे नुसता धूर, असं गातो. पण हॉलमध्ये काडी पेटवायलाही बंदी. मग कागदी नळी ओठांत धरून नुसता अभिनय. ‘थर्मामीटर लावल्यासारखी दिसतेस,’ दिग्दर्शिका म्हणाली.

त्यात फ्रेंच! ‘दां लेर, नू स्युइव्हों दे झ्यू’ असं सगळं मी देवनागरीत उतरवून घेतलं. आईने व्हिडिओ कॉलवर वही पाहून विचारलं, ‘हे कुठलं गं स्तोत्र?’

1875 साली पॅरिसला पहिला प्रयोग बसवताना तिथल्या कोरसच्या बायकांनीही कुरकुर केली होती. ओळीत उभं राहून गायची सवय. इथे सिगारेट ओढायची, भांडायचं आणि वर सुरात राहायचं. प्रयोग फारसा रुचला नाही आणि तीन महिन्यांत बिझे गेला, अवघ्या 36व्या वर्षी. आमचे गुडघे मात्र त्याला अजून माफ करायला तयार नाहीत.

कारण ते भांडण. कारखान्यातल्या बायकांचा एक तट कार्मेनचा, दुसरा तिच्याशी भांडणाऱ्या मान्युएलिताचा. ‘मोकळेपणाने भांडा!’ असा हुकूम सुटतो आणि पाठोपाठ, ‘तू तिसऱ्या फरशीवरच राहा, हात खाली घे, संचालकाची छडी दिसत नाही.’ चाळीतल्या नळावर तयार झालेली मी, आणि मला भांडण शिकवतात! मोकळ्या बाईची गोष्ट सांगताना आम्हा एकीलाही अर्धी फरशी सरकायची मुभा नाही.

शेवटी कार्मेनने सोडून दिलेला प्रियकर डॉन होझे तिला भोसकतो. तिनेच का मरायचं, यावर चहाच्या सुट्टीत रोज वाद होतो. 2018मध्ये फ्लॉरेन्सला एका दिग्दर्शकाने शेवट फिरवला: कार्मेननेच होझेला गोळी घालायची. पहिल्याच रात्री पिस्तूल उडालं नाही. आमच्याकडे तो धोका नाही. सुरा रबरी आहे, होझेला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि कार्मेन मरता मरता त्याला दरवेळी दटावते, ‘अजून जरा डावीकडे!’