एकोणपन्नास राज्यं आणि एक टर्की

चूक माझीच. ऑफिसात जेवताना एका सहकाऱ्याने टर्कीच्या शिकारीचे फोटो दाखवले आणि भेंडीची भाजी चावता चावता मी "इंटरेस्टिंग" म्हणालो. आपण "बघू" म्हणतो ना, तसं. पण त्याने ते खरं धरलं. (मिशी, पोट आणि पिकअप ट्रक बघून मी त्याला मनातल्या मनात पाटील म्हणतो.) संध्याकाळपर्यंत निरोप आला: पुढच्या वसंतात आपण दोघं परराज्यात शिकारीला जातोय. राज्य तू शोध, तू एक्सेलवाला.

आईला फोनवर सांगितलं. "टर्कीला चाललायस? मग येताना सुके अंजीर आण." पक्षी आहे म्हटल्यावर म्हणाली, "अरे, मग तो न्यू जर्सीत मिळत नाही का?"

मिळतो की. पण तो 'ईस्टर्न'. ईस्टर्न, ऑसिओला, रिओ ग्रान्दे आणि मेरियम्स या चार पोटजाती मारल्या की 'ग्रँड स्लॅम' होतो. पाटलाचे चारधामच म्हणा. त्यातलं एक त्याने घराजवळ उरकलंय, उरलेल्या तीनसाठी मला कामाला लावलंय. जाता जाता सांगतो, तुर्कस्तानात या पक्ष्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानातला. पक्षी अस्सल अमेरिकेचा. इंग्रजांनी तुर्कांच्या नावावर खपवला, तुर्कांनी आपल्या. आणि आता त्याला शोधायला बसलाय कोण, तर एक हिंदीच.

एक्सेल उघडलं. अलास्का पहिल्याच फटक्यात गेलं, तिथे रानटर्की नाहीच. उरली 49. हवाईतसुद्धा रिओ ग्रान्दे आहेत हे कळल्यावर बायकोने आयुष्यात पहिल्यांदा शिकारीत रस घेतला. "मी समुद्रावर बसेन, तुम्ही दोघं जा हवं तिकडे." पाटलाला विमानात बंदूक न्यायची कटकट नको होती. हवाई गेलं. बायको दोन दिवस बोलली नाही.

फ्लोरिडा बरं वाटत होतं. ऑसिओला जगात फक्त तिथल्या द्वीपकल्पात, आणि दक्षिणेकडचा हंगाम मार्चमध्येच सुरू होतो. मी डासांचा विषय काढला, मग मगरींचा. "मगरी मला कधी काही करत नाहीत," पाटील म्हणाला. त्यातला 'मला' मी दोनदा ऐकला आणि ओळ लाल केली.

टेक्सासात रिओ ग्रान्दे मुबलक, पण जमीन बहुतेक खाजगी. साउथ डकोटाच्या ब्लॅक हिल्समध्ये मेरियम्स, शेपटीला पांढरी किनार, देखणा पक्षी; पण तिथे एप्रिलमध्येही बर्फ पडतो आणि झाडाला पाठ टेकून पहाटेपासून हलायचं नाही. नेब्रास्काने 2023 पासून बाहेरच्यांसाठी 10,000 परवान्यांची मर्यादा घातली. आयोवात बाहेरच्यांसाठी चक्क सोडत. कॅन्ससमध्येही आता सोडत. म्हाडाच्या सोडतीत आमच्या घराण्यात कुणाचंच नाव लागलेलं नाही, तेव्हा टर्कीच्या सोडतीत काय लागणार!

मेनमध्ये रविवारी शिकार बंद. न्यूयॉर्कात दुपारी बारानंतर बंद. सदाशिव पेठेत वाढल्यामुळे यात मला काही वावगं दिसलं नाही, पण न्यूयॉर्कातला पक्षीही ईस्टर्नच.

दरम्यान पाटलाने मला तोंडात धरायची एक रबरी चकती दिली. टाळूला चिकटवून फुंकायचं, म्हणजे मादीचा आवाज निघतो. निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. इथे सगळं उलटं: वधूने झाडाखाली बसून राहायचं आणि नवरदेवाने शोधत यायचं. आलेल्याचा सत्कार कसा होतो ते तुम्हाला माहीतच आहे. मी तळघरात सराव करत होतो. वरून बायको ओरडली, "दाढ दुखतेय का?"

कपड्यांचंही पथ्य. लाल, पांढरं, निळं काही घालायचं नाही. वसंतात नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं, आणि झुडपाआडून दुसरा शिकारी आपल्यालाच टर्की समजतो. हे पाटलाने शेवटी सांगितलं, निघता निघता, पार्किंगमध्ये.

रकाने वाढत गेले. तारखा, फी, सोडत, बर्फ, डास, मगर, जवळ डोसा मिळेल का. सगळ्यांना गुण देऊन बेरीज केली तेव्हा कॅन्सस पहिलं आलं. म्हटलं, लागलं नाव तर लागलं. ओळ हिरवी केली आणि तेव्हाच अर्जाची तारीख नीट वाचली. ती मागच्या आठवड्यात होती.

पाटलाला हे कसं सांगावं या विचारात रविवारी सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात बाहेर ठक्‌ ठक्‌ ऐकू आलं. आमच्या गाडीपाशी एक भला दांडगा नर पिसारा फुलवून उभा होता. छातीवर दाढीसारखा वीतभर झुपका, डोकं लाल-पांढरं-निळं. दारात दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबावर तो चोची मारत होता. न्यू जर्सीत रविवारी टर्की मारता येत नाही, आणि घराजवळ बंदूक तर नाहीच नाही. त्यालाही बहुतेक हे माहीत असावं, इतका निवांत होता.

फोटो काढून पाटलाला पाठवला. वाटलं, तेवढाच जरा विरघळेल.

मिनिटभरात उत्तर आलं: "ईस्टर्न. झालाय."