राजकारण न आणता विज्ञानावर कसे बोलावे

गेल्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला सोलापुरातल्या एका शाळेने मला ‘शोधमोहिमा आणि सत्ता’ या विषयावर व्याख्यान देण्यास बोलाविले होते. विषय त्यांचाच होता. भाषणाची प्रत मात्र आठ दिवस आधी मागवून घेण्यात आली आणि तीन परिच्छेदांवर लाल शाईने काट मारून ती परत आली. समासात लिहिले होते, ‘सर, कृपया राजकारण टाळावे.’ पुढच्या वर्षीच्या वक्त्याला असा त्रास होऊ नये, म्हणून मला मिळालेले शहाणपण येथे नोंदवून ठेवतो.

मोहिमेचा खर्च कोणी केला, हे कधीही सांगू नये. इंग्रज नौदलाचा कॅप्टन कुक ताहिती बेटाला गेला, ३ जून १७६९ रोजी त्याने शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना, पाहिले, एवढे सांगून टाळ्या घ्याव्यात. राजा तिसऱ्या जॉर्जने या कामासाठी चार हजार पौंड दिले होते, दक्षिणेकडचा अज्ञात खंड शोधण्याचा नौदलाचा गुप्त हुकूमही कुकच्या पेटीत होता, आणि रहिवाशांच्या संमतीने ताबा घ्यावा असे त्यात लिहिलेले असताना १७७० च्या ऑगस्टमध्ये त्याने कोणालाही न विचारता ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा राजाच्या नावे करून टाकला, हा तपशील मुलांच्या कोवळ्या मनाला झेपत नाही.

हिवतापावरचे क्विनीन ज्याच्या सालीतून निघते त्या सिंकोनाची रोपे १८६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून निलगिरीत ‘आली’ असे म्हणावे. ‘पळवून आणली’ म्हणू नये.

ग्रहणावर बोलताना ग्रहणावरच बोलावे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला आपल्या विजापूरच्या पलीकडे, जमखंडीला, आलेले जॉन हर्शेल लष्करात लेफ्टनंट होते आणि सर्वेक्षण खात्यात नोकरीला होते, हे कळून कोणाचे भले होणार आहे?

नकाशांच्या बाबतीत तर फारच जपावे. १७९९ मध्ये टिपूचे श्रीरंगपट्टण पडले आणि १८०२ मध्ये इंग्रज फौजेतल्या लॅम्बटनने मद्रासेजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा मोजली. या दोन तारखा एका वाक्यात आणू नयेत. १८०८ मध्ये त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढविताना दोर सुटून भिंतीवर आदळला, ही गंमत खुशाल सांगावी, पण त्या वेळी भोसल्यांकडे किल्ल्यापलीकडे फारसे राज्य उरले नव्हते आणि मुलूख कंपनीने गिळला होता, हे सांगू नये. आणि याच सर्वेक्षणातले बंगाली गणिती राधानाथ सिकदर यांचे नाव तर घेऊच नये, कारण १८५२ मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराचे गणित त्यांनी केले, ते पुढे २९,००२ फूट म्हणून जाहीर झाले, आणि १८६५ मध्ये शिखराला नाव लागले एव्हरेस्ट या निवृत्त साहेबाचे. याच सिकदरांनी सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीला धरणाऱ्या इंग्रज मॅजिस्ट्रेटला १८४३ मध्ये विरोध केला आणि दोनशे रुपये दंड भरला. भूमापनाच्या ज्या ग्रंथातले अवघड गणिती भाग त्यांनी लिहिले, त्याच्या १८५१ च्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केलेले होते. ते १८७० मध्ये वारले, आणि १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख गाळला गेला. याला आमच्याकडे मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात. त्या गाळणाऱ्याच्या हातातही लेखणीच होती, आणि तुमच्या लाल शाईने खोडलेला तिसरा परिच्छेद नेमका हाच होता!

शेवटची सूचना : सत्काराची सोलापुरी चादर मुकाट्याने घ्यावी.

अहो, राजकारण टाळायचे होते ना तुम्हाला? मग उद्घाटनाला येणाऱ्या नेत्यासाठी चारशे मुलांना अडीच तास पत्र्याच्या मंडपात उन्हात का बसवून ठेवले? फेब्रुवारीअखेरचे सोलापूरचे ऊन तुम्हाला ठाऊक नाही काय? मुलांना पाणीसुद्धा दिले नाहीत आणि वर शिस्तीच्या गोष्टी सांगत होता. खोडलेला परिच्छेद मी तरीही वाचला, कारण मला लाज वाटली. तुम्हाला ती वाटायला हवी होती. तो ऐकून दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, ‘सर, मग सिकदरांनी तक्रार केली नाही का?’ त्या दिवसातला तेवढाच एक विज्ञानाचा प्रश्न होता, आणि तुम्ही तिच्या हातातला माईक काढून घेतलात, कारण फाटकाशी साहेबांची गाडी आली होती.